विशेष शाळा कशी असावी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून 25 तालुके. इथल्या विशेष शाळांमध्ये मी आधी शिक्षक होतो, आता शाळांना सल्ला द्यायला जातो. पालक, शिक्षक, संस्थाचालक आणि क्वचित एखादे इंजिनिअर साहेब जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं चार ओळींची आहेत. संडासाच्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, आणि ते मुद्दाम.

मुलाला गावच्या शाळेत घालू की विशेष शाळेत?

निवड तुमची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात ज्या मुलाचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे, त्याला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जी हवी त्या शाळेत, मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी घरी राहून शिकण्याचा पर्यायही शिक्षणहक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने आला. मात्र तो पर्याय घेणं न घेणं पालकांच्या हातात आहे. 'आमच्याकडे सोय नाही, तुम्ही घरीच शिकवा' असं म्हणून शाळेने हात झटकायचे नाहीत.

आता अनुभवाचं. अंध मूल लहानपणी दोन-चार वर्षं विशेष शाळेत राहून ब्रेल आणि काठी शिकलं, तर पुढे गावच्या हायस्कुलात चांगलं टिकतं. कर्णबधिर मुलाला आपल्यासारखी, हातांनी बोलणारी दहा मुलं भेटणं फार गरजेचं असतं. अख्ख्या गावात ते एकटं असेल तर त्याला भाषा मिळायची कुठून? सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली मुलं गावच्या शाळेत चौथीपर्यंत रमतात, पाचवीला विषय वाढले की मागच्या बाकावर सरकतात. त्या वळणावर पुन्हा विचार करा.

पोरगं तीन वर्षांचं झालं, बोलत नाही. आजी म्हणते, याचा बापही उशिरा बोलला होता. थांबू का?

थांबू नका. ऐकू येतं की नाही याची तपासणी मूल झोपलेलं असतानाही होते, त्याने उत्तर द्यायची गरज नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतील. आजीचं म्हणणं खरं निघालं तर आनंदच आहे, एक चक्कर वाया गेली एवढंच.

आम्हाला शाळा सुधारायची आहे. सुरुवात इमारतीपासून करू की शिक्षकांपासून?

दोन्हीपासून नको. एका मुलाच्या दिवसापासून करा.

मी शाळेत गेलो की पहिल्या दिवशी एकच काम सांगतो. सगळ्यात अवघड परिस्थिती असलेलं एक मूल निवडा आणि ते झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत काय होतं, ते वेळेसकट लिहा. कोणी उठवलं, शी-शू कुठे झाली, गाडी किती वाजता आली, गाडीत किती वेळ बसलं, शाळेत पहिलं पाणी कधी प्यायलं, दिवसात त्याच्याशी थेट कोण किती वेळा बोललं, डबा कोणी भरवला.

एका शाळेत असा कागद लिहिला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेली आठ वर्षांची मुलगी. सकाळी पावणेसातला ती गाडीत बसे, सव्वाआठला शाळेत उतरे. साडेआठ ते साडेबारा शाळा. त्या चार तासांत तिला पाणी एकदाच मिळालं होतं, साडेअकराला, जेवणासोबत. कारण पाणी दिलं की तिला संडासला न्यावं लागे, आणि न्यायला दोन बायका लागत. शिक्षिका वाईट नव्हत्या. फाईल नीट होती, भिंतीवर तक्ते होते, तपासणीत शाळेला कोणी बोट लावलं नसतं. पण मुलगी सकाळभर तहानलेली होती, आणि तहानलेलं मूल रंग ओळखत नाही म्हणून तिच्या नोंदवहीत सलग तीन महिने 'प्रगती नाही' असं लिहिलेलं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळा तपासणीच्या हिशेबाने रचल्या जातात. खोल्या किती, पटावर किती, रजिस्टरं किती. मुलाच्या दिवसाचा कागद समोर ठेवला की खर्चाचा क्रम आपोआप बदलतो. वरच्या शाळेत संगणक कक्षासाठी राखलेले पैसे संडासात आणि आणखी एका मावशींच्या पगारात गेले.

गाडीचा खर्च परवडत नाही. पालकांनी सोडायला काय हरकत आहे?

रोज सोडायला येणारी आई म्हणजे रोजची मजुरी बुडवणारी आई. कापूस वेचणीच्या दिवसांत ती येणार नाही, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तुमचा पट अर्धा दिसेल. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे, पण सवलतीने बसची पायरी खाली येत नाही.

गाडी करायची तर एक गोष्ट पक्की ठरवा: कोणतंही मूल तासापेक्षा जास्त वेळ गाडीत नको. त्यासाठी एका मोठ्या बसऐवजी दोन लहान गाड्या लागतील. ड्रायव्हरसोबत मदतनीस हवाच, आणि तो ड्रायव्हरचा मित्र नको, शाळेचा नेमलेला माणूस हवा. चाकाची खुर्ची गाडीत नुसती ठेवून चालत नाही, ती पट्ट्यांनी जमिनीला बांधायची असते. सातपुड्यातल्या घाटरस्त्यावर हे न सांगताच कळतं.

रॅम्प तर आम्ही बांधला आहे. त्यात पुन्हा काय बघायचं?

त्यावरून खुर्ची स्वतः ढकलून बघा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा किमान हिशोब आहे. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक रॅम्पवरून मोटरसायकल चढते, खुर्ची चढत नाही. एका शाळेचा रॅम्प तर सुंदर होता, रेलिंगला स्टीलचं पॉलिश, आणि वर पोचलं की समोर कुलूप लावलेलं दार. किल्ली संस्थेच्या कार्यालयात. दार कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, भांडारगृह.

वर सपाट जागा हवी, कठडा दोन उंचीचा हवा कारण मुलं लहान-मोठी असतात, आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. गुळगुळीत टाइल्स नकोत, पहिल्या पावसात कोणीतरी पडेल. सगळ्यात सोपं म्हणजे नवीन इमारत असेल तर जोतंच कमी उंच ठेवा आणि सगळे वर्ग तळमजल्यावर घ्या. खान्देशात जागेची अडचण मुंबईसारखी नाही. तरी लोक दुमजली बांधतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

संडासाबद्दल तुम्ही इतकं का बोलता?

कारण विशेष शाळेचा खरा वर्ग तोच आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाने स्वतः संडासला जाऊन, धुऊन, चड्डी वर करून बाहेर यायला शिकणं, याने त्या घराचं आयुष्य बदलतं. आई शेतात जाऊ शकते. बहिणीची शाळा सुटत नाही. मूल लग्नाकार्याला नेता येतं. 'क' गिरवल्याने यातलं काही होत नाही.

मग ही शिकवायची खोली कशी असते? बहुतेक ठिकाणी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, अंधारी, आणि दार आत उघडणारं. मूल आत पडलं तर दार त्याच्याच अंगाला अडकतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी. दोन्ही बाजूंना धरायला पाइप हवेत, ते भिंतीत घट्ट रोवलेले. टॉवेल टांगायच्या दांड्याला धरून मूल उभं राहत नाही. खुर्चीचं कमोड काहींना लागेल, पण सगळे संडास कमोडचे करू नका. मुलाच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, किंवा नाहीच आहे. शाळेत कमोडवर शिकलेलं मूल घरी पुन्हा चड्डीत करतं, आणि आई म्हणते, शाळेने काही शिकवलं नाही. घरी काय आहे हे आधी विचारा, तसंच शाळेत शिकवा.

मोठ्या मुलामुलींची लंगोट किंवा कपडे बदलायला आडोशाची, झोपवता येईल अशी उंच फळी लागते. बहुतेक शाळांत ती नसते. चौदा वर्षांच्या मुलीला मग जमिनीवर सतरंजी टाकून बदलतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत. पाळी आलेल्या मुलींना पॅड बदलायला शिकवणं हेही याच खोलीतलं शिक्षण आहे. चित्रांच्या चार पायऱ्या भिंतीवर लावा, रोज त्याच क्रमाने करून घ्या, एका मुलीमागे एकच ठरलेली बाई ठेवा. सहा महिने लागतील, कधी वर्ष.

आणि पाणी. नळ आहे पण टाकी रिकामी, हे मी उन्हाळ्यात इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता आधी टाकीवर चढून बघतो.

आपल्याकडचा उन्हाळा तर सगळ्यांनाच आहे. या मुलांचं वेगळं काय?

जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण जे मूल 'गरम होतंय' किंवा 'तहान लागली' असं सांगू शकत नाही, त्याच्यासाठी तोच पारा जास्त धोक्याचा. शिवाय फिटसाठी दिलं जाणारं टोपिरामेट हे औषध काही मुलांचा घाम कमी करतं. घाम नाही म्हणजे अंग थंड होत नाही. शाळेने कोणत्या मुलाला कोणतं औषध चालू आहे याची यादी ठेवायची ती एवढ्यासाठी. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.

पत्र्याचं छत असेल तर वरून चुना मारा आणि आतून छताखाली काहीतरी घाला. मार्चपासून शाळा सकाळची करा. ठरलेल्या वेळी सगळ्यांना पाणी द्या, मागितलं नाही तरी. श्रवणयंत्रात घाम गेला की ते बिघडतं, म्हणून सुट्टीत आणि रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत डबीत ठेवायची सवय लावा. बूट, सँडलला ज्या पांढऱ्या पुड्या येतात त्याच जातीची पुडी.

कर्णबधिर मुलांचा वर्ग कसा असावा? त्यांना आवाजाचा काय त्रास?

श्रवणयंत्र सगळाच आवाज मोठा करतं, बाईंचाही आणि पंख्याचाही. रिकाम्या वर्गात उभं राहून टाळी वाजवा. आवाज घुमला तर त्या वर्गात यंत्र लावलेल्या मुलाला शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट कळतो. महागडं काही लागत नाही. जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीला गोधड्या किंवा जाड कापडाचे तक्ते, खिडकीला पडदे, बाकांच्या पायांना रबर. पत्र्यावर पाऊस पडू लागला की बोलून शिकवणं थांबवा, हातांनी शिकवा.

मुलं अर्धवर्तुळात बसवा म्हणजे सगळ्यांना सगळे दिसतील. बाईंनी खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. कानातला साचा मूल वाढलं की सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. मग मूल ते काढून दप्तरात ठेवतं आणि आपण म्हणतो, घालतच नाही. दर आठवड्याला सगळी यंत्रं तपासण्याचं काम एका माणसाकडे द्या.

खुणांच्या भाषेबद्दल अजून एक गैरसमज आहे की खुणा शिकल्या की मूल बोलणार नाही. मूल आधी कोणतीतरी भाषा वेळेत शिकणं महत्त्वाचं. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 साली केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था झाली, त्यांचा शब्दकोश 10,000 शब्दांवर गेला आहे आणि फुकट बघता येतो. आईबापांसाठी आठवड्यातून एक तास हा वर्ग ठेवा. मुलाशी घरात कोणीच बोलू शकत नसेल तर शाळेतली भाषा शुक्रवारी संध्याकाळी संपते.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी?

रंगातला फरक. पांढऱ्या भिंतीत पांढरं दार, करड्या पायरीवर करडी कडा, पांढऱ्या ताटात भात: मुलाला यातलं काही दिसत नाही. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, दाराची चौकट गडद, भाताला स्टीलची किंवा रंगीत थाळी. अंध मुलांच्या शाळेत बाकं आणि कुंड्यांच्या जागा बदलायच्या नाहीत, आणि बदललीच तर मुलांना हात लावून दाखवायची. वार्षिक संमेलनाच्या मांडवाचे दोर आधी विचारात घ्या.

स्वमग्न मूल वर्गात किंचाळतं, बाकीची मुलं विचलित होतात. काय करावं?

आधी ते कशाने किंचाळतं ते शोधा. एका वर्गात कारण निघालं प्रार्थनेचा कर्कश लाउडस्पीकर. तो बंद केला, पेटीवर प्रार्थना सुरू केली, निम्मा प्रश्न मिटला. दिवसाचा क्रम चित्रांनी लावा: प्रार्थना, खेळ, डबा, घर. झालेलं चित्र उलटं करायचं. पुढे काय होणार हे कळलं की मूल शांत राहतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात साडी बांधून लहान तंबू केला तरी तो शांत कोपरा होतो. मात्र तिथे शिक्षा म्हणून कोणाला पाठवायचं नाही, नाहीतर तो कोपरा कायमचा गेला.

शाळेत प्रमाण मराठीच शिकवायची ना?

हा मला सर्वांत आवडता प्रश्न, आणि यावर माझं शिक्षकांशी सर्वांत जास्त भांडण होतं.

घरात अहिराणी, लेवा बोली, गुजरी. साक्री-नवापूरकडे कोकणा आदिवासींची कोकणी आणि मावची, वर सातपुड्यात भिली आणि पावरी. मूल आयुष्यभर ज्या घरात राहणार आहे त्या घराची भाषा ही. सर्वसाधारण मूल शाळेतली मराठी वर्षभरात उचलतं. ज्या मुलाला एक शब्द शिकायला दोन महिने लागतात, त्याला आपण एकाच वस्तूची दोन नावं शिकवायची का?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची चाचणी घेताना बाई विचारतात, 'तुझं नाव काय आहे?' मूल गप्प. नोंद होते, नाव सांगता येत नाही. मी एकदा त्याच मुलाला अहिराणीत विचारलं, 'तुनं नाव काय शे?' त्याने नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं, आणि वर बैलाचं सांगितलं. त्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं याची आखणी, तोवर चुकीच्या पायरीवरून सुरू झालेला होता.

तेव्हा करायचं असं. प्रवेशाच्या वेळी आईकडून मुलाचे वीस-तीस शब्द लिहून घ्यायचे: पाणी, भूक, दुखतं, नको, संडास, भीती. तेच शब्द वर्गात वापरायचे. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या चित्रपुस्तकात किंवा मोबाईलवरच्या बटणांना आईचा आवाज भरायचा, 'पानी पेवानं शे' असाच. मावशी आणि मदतनीस शक्यतो त्याच भागातल्या नेमायच्या. पावरी येणारी एक मावशी सातपुड्यातल्या मुलांसाठी कुठल्याही महागड्या संचापेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि ती शाळेत सर्वांत कमी पगारावर असते.

किती मुलांमागे किती शिक्षक लागतात?

सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं. विशेष शाळेत मुलांची गरज याहून जास्त असते, तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असेल तर फारच जास्त. शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना हे बघा. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पण नुसते आकडे मोजून उपयोग नाही. पटावरच्या शिक्षकांतून कार्यालयीन कामाला, मिटिंगला, निवडणूक कामाला किती जातात ते वजा करा. उरतात ते तुमचे शिक्षक.

वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमाच्या फायली भरण्यातच वेळ जातो.

खरं आहे. तीस ध्येयं लिहिता म्हणून जातो. एका सत्राला तीन ध्येयं ठेवा, त्यांतलं एक आईने सुचवलेलं. 'स्वच्छतेची जाणीव निर्माण करणे' हे ध्येय होत नाही. 'जेवणाआधी सांगितल्याशिवाय हात धुतो, आठवड्यातून पाचपैकी चार दिवस' हे होतं. दाराला टांगलेल्या कागदावर रोज फुली किंवा बरोबर. तपासणीला येणाऱ्यांना तोच कागद दाखवा, त्यांनाही तो आवडतो असा माझा अनुभव आहे.

शाळेत फिट आली तर?

मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काहीही नाकाला लावायचं नाही. फिट आपणहून थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ आली तर 108 ला फोन. हे मावशी, ड्रायव्हर आणि शिपाई या तिघांना शिक्षकांच्या आधी शिकवा, कारण फिट बहुधा त्यांच्यासमोर येते.

सिकलसेलच्या मुलांचा विशेष शाळेशी काय संबंध?

1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. या मुलाला विशेष शाळा लागत नाही, पण शाळेने त्याच्यासाठी नियम वाकवावे लागतात. भरपूर पाणी प्यायची आणि त्यामुळे हवं तेव्हा लघवीला जायची मोकळीक. उन्हात पळायची सक्ती नको. आश्रमशाळेत थंडीत पहाटे गार पाण्याची अंघोळ नको, थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. ताप किंवा छातीत दुखणं म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. आणि दुखून गैरहजर राहिल्यावर 'नाटक करतो' असं म्हणणारे गुरुजी असतील तर त्यांची एकदा मुलाच्या डॉक्टरांशी भेट घालून द्या.

निवासी शाळा चांगली की रोज ये-जा करणारी?

जमेल तिथे ये-जा. लहान मूल आईपासून दूर नेऊन आपण जे शिकवतो त्याहून जास्त कधीकधी हिरावतो. पण धडगावच्या डोंगरावरच्या पाड्यावरून रोज ये-जा होत नाही, हेही खरं. निवासी शाळा करायचीच तर लहान करा. साठ मुलांचं एक सभागृह करण्यापेक्षा आठ-दहा मुलांच्या खोल्या करा, प्रत्येक खोलीला ठरलेली माणसं.

सुरक्षिततेचं स्पष्ट बोलू. बोलू न शकणाऱ्या मुलांवर अत्याचार होण्याचा धोका जास्त असतो. रात्री मुलींच्या खोल्यांकडे महिला कर्मचारी, तीही एकटी नाही. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा नको, अंघोळीच्या वेळीसुद्धा दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर. शरीराच्या सगळ्या भागांची नावं आणि 'नको'ची खूण प्रत्येक मुलाला शिकवा. पोक्सो कायदा 2012 चा आहे, त्यानुसार माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. 'संस्थेचं नाव खराब होईल' म्हणून घरातल्या घरात मिटवायचं नाही. पालकांनी कधीही न सांगता येऊन मुलाला भेटावं, असा नियम दारावर लिहून लावा.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला किंवा गुजरातेत जातात. मूल पट सोडतं.

मूल सोबत गेलं तर कोप्यावर, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या झोपडीत, चार-पाच महिने काहीच होत नाही, शिकलेलं विसरतं. मागे ठेवलं तर आजीवर भार. ज्या शाळेने त्या चार-पाच महिन्यांपुरती निवासाची सोय केली, तिथे फरक दिसला. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निघण्याआधी आईला तीन गोष्टी करून दाखवाव्यात: मुलाला कसं बसवायचं, कसं भरवायचं, कोणते दोन व्यायाम. मोबाईलवर तिच्याच हातांचा व्हिडिओ काढून द्या. औषधं पूर्ण मुदतीची सोबत द्या. पट कमी दिसेल म्हणून मुलाला खोटं हजर दाखवू नका, परत आल्यावर ते कुठून सुरू करायचं हेच मग कळत नाही.

अठरा झाल्यावर शाळा संपते. पुढे?

हा प्रश्न चौदाव्या वर्षी विचारायला हवा. कर्मशाळांत, म्हणजे मोठ्या दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या शाळांत, मेणबत्त्या, पाकिटं आणि पणत्या होतात. वाईट नाही, पण पणत्या वर्षातून एकदाच विकल्या जातात. आपल्याकडे ऊन फुकट आहे. पापड, कुरडया, बिबडे, केळीचे चिप्स यांतली निवडणं, मोजणं, पिशवीत भरणं, चिकटवणं ही कामं तुकड्यांत शिकवता येतात आणि माल वर्षभर खपतो. त्याहून मोठा मालक म्हणजे घर. गोठा झाडणं, शेळ्या पाजणं, किराणा दुकानात माल काढून देणं, हे शाळेत शिकवलं तर मूल घरात कामाचं माणूस होतं. त्यासाठी शाळेत दोन शेळ्या ठेवाव्या लागतील. ठेवा.

कागदपत्रांत दोन गोष्टी विसरू नका. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा मिळतो, आणि अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. शेतीच्या सातबाऱ्यावर मुलाचं नाव असेल तर हे लवकर करा. भाऊ कितीही चांगला असला तरी.

यासाठी पैसा कुठून आणायचा?

राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग 2022 च्या डिसेंबरात झाला, विशेष शाळांची मान्यता आणि अनुदान त्याच्याकडे. साहित्य-साधनांसाठी केंद्राची ॲडिप योजना आहे. सर्वसाधारण शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत मुलामागे वर्षाला 3500 रुपये आणि मुलींना महिन्याला 200 रुपये, दहा महिने, अशी तरतूद आहे. वर सांगितलेल्या पिवळ्या पट्ट्या, सतरंज्या, साडीचा तंबू, चुना आणि बाहेर उघडणारी दारं मात्र गावातल्या एका देणगीदाराच्या आवाक्यातली आहेत. देणगीदाराला वाढदिवसाला केक कापायला बोलावण्याऐवजी संडासाचं दार बदलायला सांगा. काही तयार होतात.

शाळा चांगली आहे की नाही हे आम्ही पालकांनी कसं ओळखायचं?

न कळवता जा, जेवणाच्या वेळी. मुलं स्वतःच्या हाताने जेवत आहेत की भरवली जात आहेत ते बघा. ज्या मुलाला चमचा धरता येतो त्याला कोणीतरी घाईने भरवत असेल तर तिथे शिकवणं थांबलेलं आहे. आडवं झोपवून कोणाला भरवत असतील तर ताबडतोब बोला, घास श्वासनलिकेत जातो. शिक्षक मुलांसोबत जेवतात की वेगळ्या खोलीत? मावशींना मुलांची नावं माहीत आहेत का? साहित्याच्या कपाटाला कुलूप आहे का, आणि खेळणी अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत का?

मग संडास कुठे आहे ते विचारा, आत जा, आणि दार लावून बघा.